क्लेरिक पहिल्यांदाच खेळताय? २०२४ चे नवे नियम, पहिल्या लेव्हलपासून पाचव्यापर्यंत

डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ. त्याच्या नव्या ग्रुपमध्ये जो उशिरा पोचतो त्याच्या गळ्यात क्लेरिक पडतो, म्हणजे देवाच्या बळावर जादू करणारं पात्र. फायटर (लढवय्या), रोग (चोर), विझर्ड (जादूगार) आधीच वाटून झालेले असतात आणि डीएम (खेळ चालवणारा) सांगतो, "हीलर कोण नाय, तूच हो." आपण मागे उभं राहून मलमपट्टी करायची आणि मजा बाकीच्यांनी मारायची, असं धरूनच बिचारा टेबलवर बसतो.

हा समज अगदीच खोटा नव्हता. पण डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं सुधारित प्लेयर्स हँडबुक सप्टेंबर २०२४ मध्ये आलं आणि त्यात क्लेरिकची चांगलीच डागडुजी झाली. बरं करणारे मुख्य स्पेल (मंत्र) जास्त जोरदार झाले, देवाचं खातं पहिल्याच दिवशी निवडायची सक्ती गेली, स्लॉट (स्पेल टाकायची दिवसातली मोजकी संधी) न खर्चता हील करायची सोय आली. एवढं होऊनही नवे खेळाडू एकाच जागी फसतात: दिसली जखम की भर. क्लेरिकचं खरं काम वेळ साधण्याचं आहे, हे ज्याला पहिल्या दोन सेशनमध्ये कळलं त्याला हा क्लास कधी कंटाळवाणा वाटत नाही. खालचं सगळं त्यासाठीच लिहिलंय.

आमचं टेबल मालवणात, त्यामुळे उदाहरणं मचव्यावरची आणि खाडीतली येतील. नियम मात्र पुस्तकातलेच आहेत.

पायरी १ : टेबलवर कुठले नियम चालतात ते आधी विचारा

पाचव्या आवृत्तीचे दोन अवतार सध्या एकाच वेळी खेळले जातात, २०१४ चा आणि २०२४ चा. इंटरनेटवर शोधलंत की दोन्हींची खिचडी समोर येते. ओळखायची सोपी खूण सांगतो. क्युअर वुंड्स या स्पेलपुढे १डी८ लिहिलं असेल तर पान जुनं, २डी८ असेल तर नवं. (२डी८ म्हणजे आठ बाजूंचे दोन फासे टाकून बेरीज.) "क्लेरिक पहिल्या लेव्हललाच डोमेन (म्हणजे तेच देवाचं खातं) निवडतो" असं कोणी व्हिडिओत सांगत असेल तर तोही जुना.

पुस्तक महाग आहे आणि सुरुवातीला घ्यायची गरजही नाही. खेळाचे प्रकाशक विझर्ड्स ऑफ द कोस्ट यांनी २०२५ मध्ये सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.२ मोफत खुलं केलं. त्यात पूर्ण क्लेरिक आहे, सोबत लाइफ डोमेन आहे आणि लागणारे बहुतेक स्पेल आहेत. भाषा इंग्रजी, पण वाक्यं छोटी आणि सरळ. क्लेरिकची पानं आणि आपले सात-आठ स्पेल तेवढे छापून घ्या. मोबाइलवर भरवसा ठेवू नका. जुलैत आमच्याकडे वीज कधी जाईल आणि कधी येईल याला काही नियम नाही, आणि लढाई ऐन रंगात असताना सगळ्यांच्या बॅटऱ्या एकदम उतरतात.

पायरी २ : माणूस तयार करा

सहा गुणांमध्ये क्लेरिकला सगळ्यात महत्त्वाचा विज्डम (शहाणपण). ठरावीक आकडे वाटून घ्यायची पद्धत असेल (१५, १४, १३, १२, १०, ८) तर १५ डोळे झाकून विज्डमला द्या, १४ कॉन्स्टिट्यूशनला (काटकपणा) आणि १३ स्ट्रेंग्थला (ताकद). हे १३ का, ते पुढच्या पायरीत येतंय.

नव्या नियमांत गुणांची वाढ बॅकग्राउंडमधून मिळते. मोफत डॉक्युमेंटमध्ये अकोलाइट आहे, म्हणजे देवळात वाढलेला सेवेकरी. तो घेतलात तर विज्डम दोनाने वाढवून १७ करता येतो आणि त्याचा मॉडिफायर (गुणातून निघणारा, रोलमध्ये मिळवायचा आकडा) +३ होतो. वर मॅजिक इनिशिएट नावाचं फीट (खास कसब) मिळतं: दोन जादा कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारे छोटे स्पेल) आणि पहिल्या लेव्हलचा एक स्पेल, जो रोज एकदा स्लॉट न खर्चता टाकता येतो. पहिल्या लेव्हलला तुमच्याकडे स्लॉट दोनच असतात, त्यामुळे हा फुकटचा तिसरा फार मोलाचा.

कोणाकडे पूर्ण पुस्तक असेल तर हर्मिटही बघा. त्याच्यासोबत हीलर हे फीट येतं आणि बरं करताना फाशावर १ पडला तर तो पुन्हा टाकता येतो. आमच्यातले बहुतेक जण मात्र सेलर घेतात. कारण उघड आहे, आणि सेलरमध्येही विज्डम वाढवता येतो. फक्त त्याचं फीट दारूच्या गुत्त्यातल्या हाणामारीचं आहे, हीलरला त्याचा उपयोग बेताचाच.

सुरुवातीचे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) ८ अधिक कॉन्स्टिट्यूशनचा मॉडिफायर, म्हणजे वरच्या हिशेबाने १०.

पायरी ३ : डिव्हाइन ऑर्डर

पहिल्या लेव्हलला नवीन आलेली निवड ही. प्रोटेक्टर की थॉमटर्ज? प्रोटेक्टरला जड चिलखत आणि मार्शल शस्त्रं वापरता येतात. थॉमटर्जला एक जादा कॅन्ट्रिप मिळतो आणि धर्म किंवा जादूविषयीच्या माहितीच्या रोलमध्ये विज्डम धरता येतो.

नवख्याने प्रोटेक्टर घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. पडलेला हीलर कोणाला उठवत नाही.

हिशेब असा. तयार सामानाचा संच न घेता ११० सोन्याची नाणी घ्या. चेन मेल (कड्यांचं चिलखत) ७५, ढाल १०, मेस (गदा) ५, झाले ९०. होली सिम्बॉल (देवाचं चिन्ह) अकोलाइटच्या सामानात येतंच. उरलेल्या वीसमधून पाचाला हीलर्स किट घ्या. चेन मेलला स्ट्रेंग्थ १३ लागते, म्हणून मघाशी ते १३ तिकडे दिले. चेन मेलचा आर्मर क्लास (वार लागायला शत्रूच्या रोलने गाठायचा आकडा) १६, ढालीचे २, एकूण १८. पहिल्या लेव्हलला १८ म्हणजे समोरच्याचे निम्म्याहून जास्त वार हवेत जातात. तोटा एकच: चेन मेल खुळखुळतं, लपूनछपून जाण्याच्या रोलला दोन फाशांतला कमी आकडा धरावा लागतो. रात्री किल्ल्यात चोरपावलांनी शिरायचं ठरलं की तुम्ही होडीतच थांबा.

पायरी ४ : स्पेल निवडा, आणि काजूच्या बिया घ्या

पहिल्या लेव्हलला तीन कॅन्ट्रिप आणि चार तयार स्पेल. कॅन्ट्रिप कितीही वेळा टाकता येतात. बाकीच्या प्रत्येक स्पेलला एक स्लॉट जातो. चार स्पेल ही आज तयार ठेवलेली यादी आहे. लाँग रेस्टनंतर (रात्रभराच्या विश्रांतीनंतर) ती बदलता येते, म्हणून निवडताना घाम फोडू नका.

कॅन्ट्रिपमध्ये सेक्रेड फ्लेम हवाच, लांबून मारायला. गायडन्सने मित्राच्या एखाद्या कौशल्याच्या रोलमध्ये १डी४ मिळतो. नव्या नियमात कुठलं कौशल्य ते टाकतानाच सांगावं लागतं. मरणाऱ्याला स्थिर करणारा स्पेअर द डाइंग आता १५ फुटांवरून चालतो, पूर्वी हात लावावा लागायचा.

चार स्पेलमध्ये हीलिंग वर्ड, क्युअर वुंड्स आणि गायडिंग बोल्ट हे तीन ठेवा. चौथा प्रसंग बघून. लांबचा समुद्रप्रवास असेल तर क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटरने दहा गॅलन गोडं पाणी तयार होतं, आणि चौफेर खाऱ्या पाण्यात अडकल्यावर डीएमने आखलेलं अर्धं संकट तिथेच मिटतं. मॅजिक इनिशिएटचा फुकट स्पेल म्हणून ब्लेस घ्या: तिघांना, त्यांच्या प्रत्येक हल्ल्याच्या आणि सेव्हच्या (संकटातून निभावण्याच्या) रोलमध्ये १डी४ जास्त.

स्लॉट मोजायला कागदावर खाडाखोड करू नका. दोन स्लॉट म्हणजे पुढ्यात दोन काजूच्या बिया. स्पेल टाकला की एक बी डीएमकडे सरकवायची. झोपून उठलात की परत घ्यायची. मे महिन्यात गोळा केलेल्या बिया घरात कुठेतरी असतातच, आणि हातातून बी सोडताना माणूस जेवढा विचार करतो तेवढा पेन्सिलीने काट मारताना करत नाही.

पायरी ५ : पहिली लढाई

हीच पायरी नीट वाचा, बाकीची चाळलीत तरी चालेल.

तुमच्या पाळीत एक अ‍ॅक्शन (मुख्य कृती), एक बोनस अ‍ॅक्शन (जादा झटपट कृती) आणि थोडं चालणं असतं. आता प्रसंग. खाडीच्या तोंडावर मचवा, त्यावर चढून आलेला एक ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस. फायटरच्या १२ हिट पॉइंटांतले ५ उरलेत. तो ओरडतो, "माजे पाचच रवले हत, हील कर मरे!" सगळे तुमच्याकडे बघतात.

क्युअर वुंड्स टाकलात तर २डी८+३, सरासरी १२. पण फायटरच्या अंगात जागा आहे सातचीच, वरचे वाया. तो पुन्हा १२ वर आला. ओगरची पाळी. त्याच्या सोट्याचा एक फटका २डी८+४, सरासरी १३. फायटर आडवा.

हील केलं नसतंत तर? पाचावर होता, फटका बसला, आडवा. शेवट तोच, फक्त तुमची एक बी आणि एक पूर्ण अ‍ॅक्शन गेली.

म्हणून त्या पाळीत ओगरवर गायडिंग बोल्ट टाका. लागला तर ४डी६, आणि ओगरवरच्या पुढच्या हल्ल्याला दोन फाशांतला मोठा आकडा मिळतो. किंवा लढाईच्या सुरुवातीलाच ब्लेस टाकून ठेवा. मग फायटर पडला की हीलिंग वर्ड. तो बोनस अ‍ॅक्शन आहे, ६० फुटांवरून चालतो आणि २डी४+३ म्हणजे सरासरी ८ देतो. २०१४ मध्ये हेच १डी४+३ होतं. फायटर डोळे उघडतो, त्याच्या पाळीत निम्मं चालणं खर्चून उभा राहतो आणि त्याचा पूर्ण हल्ला करतो. तुमची अ‍ॅक्शन अजून शिल्लकच, तिच्यात मेस हाणा किंवा सेक्रेड फ्लेम टाका.

यात एक खाच आहे. पाळ्यांचा क्रम ओगर, मग तुम्ही, मग फायटर असा असेल तर फायटरची एकही पाळी फुकट जात नाही. पण ओगर, मग फायटर, मग तुम्ही असा असेल तर फायटर आपल्या पाळीत बेशुद्ध पडून डेथ सेव्ह टाकतोय आणि तुम्ही नंतर पोचताय. अशा क्रमात तो पडायच्या आधी हील करणं पटण्यासारखं आहे, निदान ज्याचे हिट पॉइंट एका फटक्यात संपणारे नाहीत त्याला तरी. तेव्हा लढाई सुरू झाली की क्रम कागदावर लिहून पुढ्यात ठेवा. हीलरने स्पेल पाठ करण्याआधी हा कागद वाचायला शिकावं.

डेथ सेव्ह म्हणजे शून्यावर पडलेल्याने आपल्या पाळीत डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकायचा. १० किंवा जास्त आला तर एक यश, कमी आला तर एक अपयश. तीन यशं झाली की जीव स्थिरावतो, तीन अपयशं झाली की संपला. २० आला तर माणूस १ हिट पॉइंट घेऊन स्वतःच उठतो, १ आला तर दोन अपयशं एकदम. पडलेल्याला पाच फुटांच्या आतून कोणी मारलं आणि लागलं, तर तो फटका क्रिटिकल (वर्मी बसलेला) धरला जातो आणि त्याचीही दोन अपयशं होतात. म्हणजे कोणी पडलाय आणि शत्रू त्याच्या डोक्यावर उभा आहे, तर "अजून वेळ आहे" हा हिशेब सोडून द्या. तुमचा डीएम पडलेल्यांवर वार करणारा आहे का, हे सेशनआधी सरळ विचारा. विचारण्यात लाज नाही. बहुतेक डीएम खरं सांगतात.

हातांचं काय, हाही प्रश्न येतो. एका हातात मेस, दुसऱ्यात ढाल. क्युअर वुंड्सला हाताची खूण करावी लागते, म्हणजे मोकळा हात पाहिजे. हीलिंग वर्डला नुसता आवाज पुरतो. बरीच टेबलं याकडे काणाडोळा करतात, आमचंही करतं. पण डीएम काटेकोर असेल तर हीलिंग वर्ड ऐन वेळी वाचवतो. उलट कोणी सायलेन्स टाकून आवाजच बंद पाडला तर तो निकामी.

आणखी एक नियम, ज्यावरून हमखास वाद होतो: एका पाळीत एकच स्लॉट खर्चता येतो. हीलिंग वर्ड आणि गायडिंग बोल्ट एकाच पाळीत जमत नाही. हीलिंग वर्ड आणि सेक्रेड फ्लेम जमतं. फुकटचा ब्लेस आणि हीलिंग वर्ड हेही जमतं, कारण ब्लेसला स्लॉट गेलेलाच नाही. जुन्या नियमात हे जमत नव्हतं, म्हणून टेबलवरचा जाणता खेळाडू "असं चालत नाय" म्हणेल. त्याला पान दाखवा.

ब्लेस टिकवायला कॉन्सन्ट्रेशन (त्यावर लक्ष धरून ठेवणं) लागतं. तुम्हाला मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह टाकायचा, १० किंवा माराच्या निम्मे, जे जास्त असेल त्याच्याविरुद्ध. एका वेळी एकच कॉन्सन्ट्रेशन. ब्लेस चालू असताना सवयीने गायडन्स टाकलात की ब्लेस गेला.

आणि सगळा भार एकट्याने वाहू नका. नव्या नियमात हीलिंग पोशन बोनस अ‍ॅक्शनमध्ये पिता येतं किंवा शेजारच्याला पाजता येतं. किंमत ५० नाणी, २डी४+२ मिळतात. पैसे हातात आले की प्रत्येकाने एक बाटली कमरेला ठेवावी, असं पहिल्या लुटीनंतरच जाहीर करून टाका.

पायरी ६ : दुसरी लेव्हल, चॅनल डिव्हिनिटी

इथे देवाची शक्ती थेट वापरायच्या दोन गोष्टी मिळतात आणि दोन वापर. शॉर्ट रेस्टला एक परत येतो, लाँग रेस्टला दोन्ही. यांच्यासाठी पुढ्यात दोन चिंचोके ठेवा, काजूंत मिसळू नका.

डिव्हाइन स्पार्क ही नवी देणगी. अ‍ॅक्शन घेऊन ३० फुटांतल्या दुसऱ्या कोणाकडे होली सिम्बॉल रोखायचं आणि १डी८ अधिक विज्डम. हवं तर तेवढं बरं करा, नाहीतर तेवढा मार द्या. समोरच्याने कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह काढला तर मार निम्मा. स्वतःवर चालत नाही. हा स्पेल नाही आणि याला स्लॉट लागत नाही. म्हणजे एकाच पाळीत बोनस अ‍ॅक्शनने हीलिंग वर्ड एकाला आणि अ‍ॅक्शनने डिव्हाइन स्पार्क दुसऱ्याला. दोघं जण आडवे झालेत आणि डीएम गालात हसतोय, अशा वेळी ही चाल काढा.

टर्न अनडेड (अनडेड म्हणजे मेल्यावरही वावरणारे, त्यांना पळवणं) जुनीच, थोडी सुधारलेली. ३० फुटांतल्या, तुम्ही निवडाल त्या प्रत्येक अनडेडने विज्डम सेव्ह टाकायचा. हुकला तर तो मिनिटभर घाबरलेला आणि निष्क्रिय, तुमच्यापासून लांब पळणार. मात्र त्याला कोणीही जरा मार दिला की असर संपला. फायटरला आधीच बजावून ठेवा: जो पळतोय त्याच्या पाठीत भाला घालू नको.

कोकणातलं कँपेन (अनेक सेशन चालणारी गोष्ट) असेल तर इथे डीएमशी बोलायची एक गोष्ट निघते. टर्न अनडेड फक्त अनडेड या जातीवर चालतं, दिसायला भूत आहे एवढं पुरत नाही. मुंज झाल्यावर मेलेल्या पोराचा मुंजा अनडेड, यात कोणाचं दुमत नसावं. बुडालेल्या गलबताचे खलाशी चालून आले तर तेही. पण देवचार? आमच्याकडे तो गावाच्या राखणीला फिरतो, मेलेला माणूस म्हणून नाही. त्याच्यावर सिम्बॉल रोखलंत तर काही होणार नाही, आणि तो रागावेल ते वेगळंच. पाण्यातल्या गिऱ्ह्याबद्दल आमच्याच टेबलवर दोन मतं आहेत. डीएमने आधी ठरवून ठेवावं आणि खेळाडूने रिलिजनचा रोल मागून ते काढून घ्यावं. हा रोल मागायचा हक्क सगळ्यांत जास्त तुमचा आहे.

पायरी ७ : तिसरी लेव्हल, डोमेन आणि देव

पूर्वी डोमेन पहिल्या लेव्हलला निवडावं लागायचं, खेळ कळायच्या आधी. आता तिसरीला. नव्या पुस्तकात चार आहेत: लाइफ, लाइट, ट्रिकरी, वॉर. लाइट आगीचा आणि उजेडाचा, वॉर पुढे घुसून मारणाऱ्यांचा, ट्रिकरी फसवाफसवीचा. पहिल्यांदा खेळताय तर लाइफ घ्या.

लाइफमध्ये स्लॉट खर्चून केलेल्या प्रत्येक हीलला २ अधिक स्लॉटची लेव्हल एवढी भर पडते. पहिल्या लेव्हलचा हीलिंग वर्ड आता सरासरी ११ देतो. एड, ब्लेस, क्युअर वुंड्स, लेसर रेस्टोरेशन हे कायमचे तयार, तुमच्या यादीत न मोजता, त्यामुळे यादीतल्या जागा मोकळ्या होतात. प्रिझर्व्ह लाइफने चॅनल डिव्हिनिटीचा एक वापर घालून लेव्हलच्या पाचपट, म्हणजे १५ हिट पॉइंट ३० फुटांतल्या लोकांत हवे तसे वाटता येतात. अट अशी की घेणारा ब्लडीड, म्हणजे निम्म्यावर किंवा त्याखाली असला पाहिजे, आणि निम्म्याच्या वर त्याला चढवता येत नाही.

याच लेव्हलला दुसऱ्या लेव्हलचे स्पेल येतात. प्रेअर ऑफ हीलिंग दहा मिनिटं घेतो, पण पाच जणांना २डी८ तर मिळतातच, वर शॉर्ट रेस्टचा पूर्ण फायदा मिळतो. दोन लढायांच्या मध्ये याच्यासारखा स्पेल नाही. फक्त एका माणसाला लाँग रेस्ट होईपर्यंत एकदाच लागू पडतो. स्पिरिच्युअल वेपनला आता कॉन्सन्ट्रेशन लागतं, हे जुने व्हिडिओ बघून आलेल्यांना सांगावं लागतं. ब्लेससोबत तो चालवायचे दिवस गेले.

समुद्रकाठच्या खेळाडूंना हमखास हवा असतो तो टेंपेस्ट, वादळाचा डोमेन. तो २०१४ च्या पुस्तकात आहे, नव्यात नाही. नव्या क्लेरिकला जुनं डोमेन जोडता येतं. त्यातल्या पहिल्या-दुसऱ्या लेव्हलच्या गोष्टी तिसरीला घ्यायच्या. डीएमची परवानगी मात्र लागेल.

आता देव कोण? नियमांना अमुकच देव पाहिजे असं काही नाही. आमच्या टेबलवर एक पथ्य आहे: खऱ्या ग्रामदेवतेचं, खऱ्या देवस्थानाचं नाव खेळात घ्यायचं नाही. कोणाची तरी ती कुलदेवता असते, आणि डी२० वर १ पडल्यावर जे विनोद होतात ते तिच्या नावाने व्हायला नकोत. त्यापेक्षा देव रचा. खाडीच्या तोंडाशी उभी असलेली एक राखणदारीण, तिला नारळ चालतो, खोटं बोललेलं चालत नाही. एवढ्या दोन गोष्टींवर अख्खं कँपेन निघतं. नाव डीएमने आणि तुम्ही मिळून ठेवा.

स्पेल टाकताना मात्र गाऱ्हाण्याची ढब जरूर घ्या. क्लेरिक उभा राहून म्हणतो, "बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकराक उठव, ओगराचा वाटोळा कर", आणि टेबल एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणतं. मग फासे पडतात. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांना एका रात्रीचा खेळ दाखवायचा असेल तर त्यांना तिसऱ्या लेव्हलची तयार पात्रं द्या आणि आधी हे शिकवा. नियम नंतर आपसूक समजतात.

पायरी ८ : पाचव्या लेव्हलच्या आधीची खरेदी

चौथीला फीट किंवा गुणवाढ मिळते. विज्डम १७ असेल तर तो १८ करणारं फीट बघा, मॉडिफायर +४ होतो.

पाचवीला टर्न अनडेडबरोबर सिअर अनडेड येतो: विज्डमच्या मॉडिफायरएवढे डी८, सेव्ह हुकलेल्या प्रत्येक अनडेडला तेवढा मार, आणि या मारामुळे पळापळ थांबत नाही. पण पाचवीची खरी गोष्ट रिव्हिव्हिफाय. मरून एक मिनिट झालेलं नसेल तर माणूस १ हिट पॉइंटवर परत येतो. त्याला किमान ३०० नाण्यांचा हिरा लागतो आणि तो वापरताच नाहीसा होतो. हिरा वेळेवर मिळत नाही. त्यामुळे चौथीतच पार्टीकडून वर्गणी काढा, बंदरावरच्या सराफाकडे चौकशी करा आणि डीएमला तो दुकानात आहे की नाही हे ठरवायला लावा. हिरा कोणाच्या पिशवीत आहे ते सगळ्यांच्या शीटवर लिहा, आणि जमलं तर रिव्हिव्हिफायची एक स्क्रोल (एकदाच वापरायचा मंत्राचा कागद) दुसऱ्या कोणाकडे तरी द्या. ती वाचायला स्पेल त्याच्या क्लासच्या यादीत असावा लागतो, म्हणजे पॅलडिन किंवा ड्रुइड चालेल. तसं कोणीच नसेल तर क्लेरिकने मरायचं नाही.